सानमाचा हिशेब: तिघांच्या जपानी माहजोंगमध्ये गुण कोणत्या क्रमाने मोजायचे

चौघांचे रीची माहजोंग ज्यांना बऱ्यापैकी येते, त्यांचाच सानमाचा हिशेब सर्वांत जास्त चुकतो. हान (हाताचे मुख्य मोल) तेच, फू (हाताच्या रचनेचे बारीक गुण) तेच, मानगानही (गुणांची पहिली ठरावीक मर्यादा) तोच. त्यामुळे सगळे येतेच असे वाटते, आणि शेवटी कोणी किती द्यायचे यावर गाडी अडते. टेबलावर एक माणूस कमी आहे. त्याच्या वाट्याचे गुण कुठे गेले, हे आधी ठरलेले नसते. दुसरी अडचण किताची, म्हणजे बाजूला काढून ठेवलेल्या उत्तर वाऱ्याच्या टाइल्सची. त्या हान वाढवतात, पण कधी आणि किती, यावर वाद होतात.

ॲपवर यंत्र मोजते, म्हणून चूक दिसत नाही. खऱ्या टाइल्स घेऊन बसले की ती लगेच उघडी पडते. हा लेख त्या टेबलासाठी आहे. याकू, म्हणजे जिंकण्यासाठी लागणारे ठरावीक नमुने, माहीत आहेत असे धरून चालतो. त्सुमो म्हणजे स्वतः ओढलेल्या टाइलवर जिंकणे, रोन म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर जिंकणे.

## टप्पा १: टाइल्स आणि काड्या मोजून घ्या

मान या रंगातल्या २ ते ८ या टाइल्स पूर्ण बाजूला काढा. त्या २८ होतात. उरतात १०८: मानच्या ८ (चार एक्के, चार नव्वे), पिनच्या ३६, सोच्या ३६, वारे आणि ड्रॅगन मिळून २८. लाल पंजे वापरणार असाल तर पिनचा एक आणि सोचा एक. मानचा लाल पंजा आपोआप बाहेर जातो.

सुरुवातीचे गुण प्रत्येकी ३५,०००, एकूण १,०५,०००. इथेच पहिली गंमत होते. तुमच्या संचात चौघांसाठी प्रत्येकी २५,००० च्याच काड्या असतील, तर सगळ्या मिळून १,००,००० होतात आणि पाच हजार कमी पडतात. डाव सुरू होण्याआधी कागदाच्या चिठ्ठ्या करून ती तूट भरून काढा. मध्येच सुट्ट्यांची ओरड झाली की कोण कोणाचे किती देणे लागतो हे कोणालाच आठवत नाही.

तपासा: तिघांच्या काड्या मोजून बेरीज १,०५,००० येते का? आत्ता आली नाही तर शेवटीही येणार नाही.

## टप्पा २: टेबलाचे नियम मोठ्याने बोलून ठरवा

सानमाचा एकच सर्वमान्य नियमसंच नाही. तेन्हो आणि माहजोंग सोल या दोन्ही माहजोंग ॲपचे नियम बरेचसे सारखे आहेत, आणि नवख्यांनी तेच धरावेत असे माझे मत आहे. पण जपानमध्ये, विशेषतः कानसाई भागातल्या माहजोंगघरांत, फू न मोजता आणि रक्कम हजारांत वर ओढून खेळण्याची पद्धतही चांगली रुळलेली आहे. दोन पद्धतींतले दोघे एका टेबलावर बसले तर दोघेही बरोबर असतात आणि भांडण तरीही होते.

निदान एवढे ठरवाच.

त्सुमोचा वाटा. चौघांत त्सुमो झाला की तिघे देतात. सानमात देणारे दोनच. गैरहजर तिसऱ्याचा, म्हणजे उत्तरेचा, वाटा बुडाला असे धरायचे, की तो दोघांत अर्धा-अर्धा वाटायचा? पहिल्या पद्धतीला त्सुमो-तोटा म्हणतात. वर सांगितलेली दोन्ही ॲप त्सुमो-तोट्यानेच खेळवतात.

उत्तर वारा. तो बाजूला काढला की एक डोरा, म्हणजे एक जादा हान देणारी टाइल, हे बहुतेक ठिकाणी पक्के असते. पण हातात ठेवून त्याचे त्रिकूट केले तर याकू मिळतो का? ॲपवर मिळत नाही, कारण उत्तरेला कोणी बसलेलेच नाही. काही टेबलांवर मात्र उत्तर सगळ्यांसाठी याकूची टाइल असते.

होन्बा, म्हणजे डीलर टिकला किंवा डाव बरोबरीत सुटला की पुढच्या डावावर चढणारा जादा भार. त्सुमोवर प्रत्येकी १०० हे सहसा सारखेच असते. रोनवर २०० की चौघांसारखे ३००, हे विचारून घ्या. पुढची उदाहरणे २०० धरून आहेत.

बरोबरीत सुटलेला डाव. तेनपाई (जिंकायला एकच टाइल हवी अशी स्थिती) नसलेल्यांचा दंड एकूण २,००० की ३,०००? २,००० असेल तर एकटा तेनपाई असलेला दोघांकडून हजार-हजार घेतो. दोघे तेनपाई असतील तर उरलेला प्रत्येकाला हजार देतो.

चार हान ३० फू हा हात मानगानला वर ओढायचा का, हेही सांगून टाका. मी ओढत नाही, आणि खालचे आकडे तसेच आहेत.

## टप्पा ३: आधी याकू, मग किता

कोणी जिंकले की नजर आधी बाजूला ठेवलेल्या उत्तरांवर जाते, आणि चूक तिथेच सुरू होते. किता हा डोरा आहे, याकू नाही. रमीत प्युअर सिक्वेन्स नसेल तर हातात कितीही जोकर असले तरी डिक्लेअर करता येत नाही, तसेच हे. चार उत्तरा बाजूला काढल्या आणि हातात एकही याकू नाही, तर जिंकणे अमान्य.

म्हणून क्रम असा ठेवा:

१. हात उघडा (दुसऱ्याने टाकलेली टाइल उचलून संच केलेला) आहे की बंद, ते पाहा. किता काढल्याने बंद हात उघडा होत नाही. रीची (बंद हाताने तेनपाई असल्याची, काडी ठेवून केलेली घोषणा), पिनफू, बंद हाताचा त्सुमो हे सगळे शाबूत राहतात.
२. याकू मोजा. किमान एक हवाच.
३. उघड्या दर्शकावरून, म्हणजे डोरा कोणता ते सांगणाऱ्या टाइलवरून, डोरा मोजा, मग लाल पंजे.
४. रीची असेल तरच खालचे, उरा-डोरा मोजा.
५. सर्वांत शेवटी किता: प्रत्येकी एक हान.

सानमात काही याकू आपोआप बाद होतात. मानची क्रमवारी बनतच नाही, त्यामुळे तीन रंगांत एकच क्रमवारी असलेला सानशोकू गेला. तीन रंगांत एकाच आकड्याची त्रिकुटे मात्र एक्क्यांची किंवा नव्व्यांची होऊ शकतात. इत्सू, म्हणजे एकाच रंगात १ ते ९, फक्त पिन किंवा सोमध्ये. ची, म्हणजे दुसऱ्याची टाइल उचलून क्रमवारी करण्याची आरोळी, सानमात नाही, त्यामुळे उघड्या हातातली क्रमवारी, रोनची टाइल सोडली तर, स्वतःच्या टाइल्सचीच असते.

सावध: दर्शक मानचा एक्का असेल तर डोरा मानचा नव्वा, कारण मधले आकडे टेबलावर नाहीतच. नव्वा दर्शक असेल तर डोरा एक्का. सवयीने ‘दुरी’ म्हणून पुढे जाणारे बरेच असतात, आणि हातातल्या तीन नव्व्यांचे तीन हान तसेच वाया जातात.

सावध: दर्शक पश्चिम वारा असेल तर उत्तर हाच डोरा. मग बाजूला काढलेली प्रत्येक उत्तर दोन हानांची: एक किता म्हणून, एक डोरा म्हणून. रीचीत खालचा दर्शकही पश्चिम निघाला तर तीन हान. किता आणि डोरा यांतले एकच मोजायचे असते असा समज आहे, तो चुकीचा.

किताविषयी आणखी थोडे, कारण वाद इथेच जास्त. किता काढल्यावर बदली टाइल मृत भिंतीतून घ्यायची, पण नवा डोरा-दर्शक उघडायचा नाही. तो कान, म्हणजे चार सारख्या टाइल्सचा संच, केल्यावरच उघडतो. त्या बदली टाइलवर जिंकलात तर रिनशानचा एक हान मिळतो. दुसऱ्याने काढलेल्या किताच्या उत्तरेवर रोन करता येतो, पण ॲपवर त्याला कान लुटल्याचा हान मिळत नाही. रीचीनंतर कोणीही किता काढला तर इप्पात्सु, म्हणजे रीचीनंतर एका फेरीत जिंकल्याचा हान, मोडतो असे धरून खेळा. तुमच्या टेबलावर वेगळे ठरले असेल तर ते टप्पा २ मध्येच बोललेले हवे.

## टप्पा ४: फू मोजा, आणि ३० म्हणून सोडून देऊ नका

सानमात हान भराभर वाढतात. पाच हान झाले की फूची गरज संपते. त्यामुळे बरेच जण चार किंवा त्याहून कमी हान असतानाही डोळे झाकून ३० फू म्हणतात. त्यातच पैसे, आपले गुण, गळतात. सानमात मानच्या टाइल्स फक्त टोकाच्या असल्याने एक्क्या-नव्व्यांची त्रिकुटे वरचेवर होतात, आणि टोकाच्या त्रिकुटाचे फू दुप्पट असतात.

सुरुवात २० ने. मग:

- बंद हाताने रोन: १० जोडा. त्सुमो: २ जोडा, पिनफू सोडून.
- मधल्या आकड्यांचे त्रिकूट: उघडे २, बंद ४. एक्के, नव्वे, वारे, ड्रॅगन यांचे: उघडे ४, बंद ८.
- कान असेल तर त्याच त्रिकुटाच्या चौपट.
- याकूच्या टाइलची जोडी: २.
- मधल्या, कडेच्या किंवा जोडीच्या एकाच टाइलची वाट: २.

बेरीज वरच्या दहात ओढा. सात जोड्यांचा हात नेहमी २५, तो ओढायचा नाही. उघड्या हाताला काहीच फू न मिळता रोन झाला तर ३०.

उत्तरेची जोडी हातात ठेवली असेल तर ती याकूची टाइल आहे की नाही, हे टप्पा २ मध्ये जे ठरले त्यावर. ॲपच्या नियमांत शून्य फू. बाजूला काढलेल्या किताला तर फू नसतातच, चारही काढल्या तरी नाहीत. तो कान नव्हे.

सावध: दोन जोड्यांवर वाट पाहत असताना रोनने त्रिकूट पूर्ण झाले, तर ते त्रिकूट फूसाठी उघडे धरायचे, बाकी हात बंद असला तरी. त्सुमोने पूर्ण झाले तर बंद.

एक हात मोजून पाहू. साधा खेळाडू, म्हणजे डीलर नसलेला, बंद हात. मानच्या नव्व्यांचे बंद त्रिकूट, तीन क्रमवारी, त्यांतली एक दुतोंडी वाटेने पूर्ण झालेली, साधी जोडी. रीची, एक लाल पंजा, एक किता: तीन हान. रोन. फू: २० + १० + ८ = ३८, म्हणजे ४०. तीन हान ४० फूचे ५,२००. ‘तीस असेल’ म्हणणाऱ्याने ३,९०० घेतले असते. तेराशेचा फरक, तोही फक्त आळसाचा.

## टप्पा ५: मूळ गुण काढा

सूत्र चौघांचेच. फूला २ ने (हान + २) वेळा गुणा. तीन हान ३० फू: ३० ला पाच वेळा दुप्पट करा, ९६० येतात. हे मूळ गुण २,००० च्या वर गेले की मानगान, आणि तिथे २,००० वरच थांबायचे. पुढे हानेमान (६-७ हान) ३,०००, बाइमान (८-१०) ४,०००, सानबाइमान (११-१२) ६,०००, याकुमान ८,०००.

सूत्र डोक्यात ठेवायचे नसेल तर ही यादी कागदावर उतरवून टेबलावर ठेवा. त्सुमोचे आकडे त्सुमो-तोट्याचे आहेत. साध्या खेळाडूच्या त्सुमोत पहिला आकडा डीलर देतो, दुसरा उरलेला खेळाडू.

| हात | साधा, रोन | साधा, त्सुमो | डीलर, रोन | डीलर, त्सुमो (प्रत्येकी) |
|---|---|---|---|---|
| १ हान ३० फू | १,००० | ५०० / ३०० | १,५०० | ५०० |
| २ हान ३० फू | २,००० | १,००० / ५०० | २,९०० | १,००० |
| ३ हान ३० फू | ३,९०० | २,००० / १,००० | ५,८०० | २,००० |
| ४ हान ३० फू | ७,७०० | ३,९०० / २,००० | ११,६०० | ३,९०० |
| २ हान ४० फू | २,६०० | १,३०० / ७०० | ३,९०० | १,३०० |
| ३ हान ४० फू | ५,२०० | २,६०० / १,३०० | ७,७०० | २,६०० |
| मानगान | ८,००० | ४,००० / २,००० | १२,००० | ४,००० |

## टप्पा ६: रक्कम वाटा

रोन असेल तर काहीच बदलत नाही. टाकणारा एकटा देतो: साध्या खेळाडूला मूळ गुणांच्या चौपट, डीलरला सहापट, वरच्या शंभरात ओढून.

त्सुमोत मात्र हात आखडून मोजा. साधा खेळाडू जिंकला तर डीलर मूळ गुणांच्या दुप्पट देतो, दुसरा एकपट. डीलर जिंकला तर दोघेही दुप्पट देतात. प्रत्येकाची रक्कम वेगळी वेगळी शंभरात वर ओढायची. एवढेच, तिसऱ्याचे काही नाही. म्हणजे साध्या खेळाडूच्या मानगान त्सुमोचे ८,००० ऐवजी ६,०००, आणि डीलरच्या मानगानचे १२,००० ऐवजी फक्त ८,०००.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे रोनची रक्कम घेऊन ती दोघांत भागणे. ‘मानगान आहे ना, आठ हजार, चार-चार द्या.’ त्सुमो-तोट्याच्या टेबलावर हे साफ चूक आहे, आणि यात डीलर नसलेला खेळाडू दुप्पट भरतो.

तोटा किती खरा आहे ते या हातावरून कळेल. साधा खेळाडू, रीची आणि पिनफू, दोन किता. रोन झाला तर चार हान ३० फू, ७,७००. तोच हात त्सुमो झाला तर बंद त्सुमोचा एक हान वाढतो, पाच हान, मानगान. आणि हातात येतात ४,००० + २,००० = ६,०००. हान वाढला, गुण सतराशेने घटले. नवखे इथे हिशेब चुकला म्हणून पुन्हा मोजायला बसतात. चुकलेला नाही.

उत्तरेचा वाटा अर्धा-अर्धा वाटायचे ठरले असेल, तर आधी चौघांचा त्सुमो काढा, मग गैरहजराची रक्कम दोन भागांत दोघांवर चढवा. वरच्या मानगानात गैरहजर खेळाडू २,००० देणार होता. हजार-हजार चढवले की डीलर ५,०००, दुसरा ३,०००, एकूण ८,०००. डीलरने मानगान त्सुमो केला तर दोघे ६,०००-६,००० देतात. लहान हातांत अर्ध्या रकमेत ५० उरतात. एक हान ३० फूमध्ये ३०० चे दीडशे-दीडशे होतात. ते वर ओढायचे की सोडायचे, एकदाच ठरवा आणि रात्रभर तेच चालवा.

## टप्पा ७: होन्बा आणि रीचीच्या काड्या सर्वांत शेवटी

होन्बा मूळ गुणांत मिसळू नका. शंभरात ओढून झाल्यावर, प्रत्येकाच्या रकमेवर वरून ठेवा. टेबलावरच्या रीचीच्या काड्या, प्रत्येकी १,०००, जिंकणारा उचलतो. त्या कोणाच्या देण्यात धरायच्या नाहीत.

पूर्ण उदाहरण. डीलर, एक होन्बा, समोरच्याची एक रीची काडी टेबलावर. दर्शक पश्चिम वारा. डीलरने पांढरा ड्रॅगन पोन करून, म्हणजे दुसऱ्याने टाकलेली टाइल उचलून त्रिकूट करून, उघडला आहे, बाजूला एक किता. हातात पिनचे ३-४-५ आणि ६-७-८, सोचा ५ आणि ७, सोच्या दुरीची जोडी. सोचा छक्का स्वतः ओढून जिंकला. लाल पंजा नाही.

याकू: पांढरा ड्रॅगन, १ हान. किता १, आणि दर्शक पश्चिम असल्याने तीच उत्तर डोराही, आणखी १. एकूण ३ हान. फू: २० + उघड्या त्रिकुटाचे ४ + त्सुमोचे २ + मधल्या वाटेचे २ = २८, म्हणजे ३०. मूळ गुण ९६०. दोघांनी दुप्पट, १,९२०, ओढून २,०००. होन्बाचे १०० चढवून प्रत्येकी २,१००. डीलरला मिळाले ४,२००, शिवाय काडीचे १,०००.

तपासा: देणाऱ्यांकडून गेलेले गुण आणि टेबलावरून उचललेल्या काड्या यांची बेरीज जिंकणाऱ्याला मिळालेल्या गुणांएवढी आहे का? इथे २,१०० + २,१०० + १,००० = ५,२००. जुळते.

काड्या हातोहात देऊ नका. आधी रक्कम तोंडाने सांगा, दोघांनी होकार दिला की मगच द्या. आणि टाइल्स तोवर मिसळू नका. हात भिंतीत गेला की फू परत मोजता येत नाहीत.

## टप्पा ८: खेळ संपल्यावरचा हिशेब

सुरुवात ३५,००० ने झाली तरी मोजणी ४०,००० पासून होते. प्रत्येकाचे पाच हजार असे मिळून १५,००० बाजूला निघतात आणि पहिल्याला जातात. त्यावर क्रमांकाचे गुण, उमा. इथे पहिल्याला +१५, दुसऱ्याला ०, तिसऱ्याला −१५ धरू.

समजा शेवटी ५२,३००, ३४,१०० आणि १८,६०० आहेत. बेरीज १,०५,०००, पुढे जायला हरकत नाही. कोणाची रीची काडी टेबलावर पडून असेल तर ती आधी पहिल्याला द्या, मग बेरीज घ्या.

४०,००० वजा करून हजारांनी भागा: +१२.३, −५.९, −२१.४. पहिल्याला १५ जोडा: २७.३. आता उमा: पहिला +४२.३, दुसरा −५.९, तिसरा −३६.४. तिन्हींची बेरीज शून्य यायला हवी. पंधराने चुकत असेल तर पहिल्याचे १५ जोडायचे राहिले किंवा दोनदा जोडले गेले. दुसऱ्या कुठल्या आकड्याने चुकत असेल तर कागद बाजूला ठेवून पुन्हा काड्या मोजा.